'पुरावा आहे का?' : सरकारच्या मदतीबद्दल आणि मर्यादेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या दिवसांत मंडपात रात्री जागायला बसलं की वाद ठरलेला. विषय कुठूनही सुरू होवो, शेवटी गाडी 'हे सरकारने द्यायला पाहिजे' या स्टेशनात येऊन थांबते. मी 'का?' असं विचारलं की सगळे माझ्यावर तुटून पडतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की म्हटलं, उत्तरं एकदा लिहूनच टाकू. मी गिरगावातल्या चाळीत राहतो आणि छोट्या कंपन्यांची पगारपत्रकं करून पोट भरतो. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. रोज हातातून कागद जातात, त्यांत जे दिसतं ते सांगतो.

तुमचा नेमका आक्षेप कशाला आहे? कल्याणकारी राज्य नकोच का?

घटनेच्या ३८व्या कलमाने लोककल्याणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, ४१व्याने बेकारी, म्हातारपण आणि आजारपणातल्या मदतीची. त्याच्याशी माझं भांडण नाही. पाणी, गटारं, पोलीस, कोर्टकचेरी, साथीचे रोग ही सरकारची कामं आहेत आणि ती ते जेमतेम करतं, हीच तर तक्रार आहे. पडलेल्याला हात द्यायलाही माझी ना नाही.

भांडण पुढे सुरू होतं. सरकार भाडं ठरवतं, भाव ठरवतं, कोणी किती मजले बांधायचे ते ठरवतं. त्या ठरवण्यातून टंचाई होते. टंचाईवर उतारा म्हणून योजना येते, आणि योजनेच्या दारात आपण कागद घेऊन उभे. तिथे पहिला सवाल एकच असतो: पुरावा आहे का? मुंबईतल्या जुन्या घरांत एक पत्र्याची पेटी असते. रेशनकार्डाच्या झेरॉक्स, भाडेपावत्या, लाइटबिलं, झोपडीतून वर आलेल्यांकडे फोटोपास, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं. दागिने कपाटात असतात. पेटी मात्र पलंगाखाली, हाताशी. माझा सगळा आक्षेप त्या पेटीला आहे असं समजा.

मग गरिबाने काय करायचं? मरायचं?

हा प्रश्न कायम आवाज चढवून विचारला जातो, म्हणून उत्तर जरा सावकाश देतो.

एक चांगलं उत्तर महाराष्ट्रानेच शोधलं होतं. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यातली गंमत बघा. उन्हात खडी फोडायला किंवा पाझर तलावाची माती उपसायला ज्याला गरज नाही तो येतच नाही. गरीब आहे की नाही हे ठरवायला तलाठ्याचा दाखला लागत नाही, घाम हाच दाखला. आलेल्याला काम द्यायचं आणि कामाची मजुरी द्यायची, मेहेरबानीचा प्रश्न नाही. खोटी मस्टरं भरली गेली, मुकादमांनी हात मारले, हे सगळं झालंच. तरी मुळात ती योजना माणसाची पेटी उघडायला लावत नव्हती.

तेव्हा कोणतीही योजना आली की मी एवढंच बघतो: ती घ्यायला माणसाला किती जणांपुढे वाकावं लागतं? जितकं कमी, तितकी ती मला मान्य. पालिकेच्या रुग्णालयात दहा रुपयांच्या केसपेपरवर उपचार मिळतात. समोरचा बिहारचा की बोरिवलीचा हे कोणी विचारत नाही. केईएम १९२६ पासून उभं आहे. त्याच्याविरुद्ध माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. उलट असल्या कामांचा पैसा दुसरीकडे वळतो तेव्हा माझं डोकं फिरतं.

पैसे सरकार देतं. तुमच्या खिशाला काय भोक पडतं?

तुमच्याच पगाराची स्लिप काढा. कपातीच्या रकान्यात 'पी.टी.' असं लिहिलेलं दिसेल: अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० रुपये. महिना दहा हजारांच्या वर पगार असलेला पुरुष यातून सहसा सुटत नाही, मग तो कंपनीचा डायरेक्टर असो की कुरिअरवाला पोरगा. बायकांना २५,००० पर्यंत माफ आहे. मी दर महिन्याला शेकडो माणसांचा हा आकडा भरतो, आणि तो कशासाठी हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. फेब्रुवारीत शंभर जास्त का कापले, एवढंच विचारतात.

हा व्यवसाय कर १९७५ मध्ये वर सांगितलेल्या रोजगार हमीसाठीच आला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराला हातभार लावायचा, असा हिशेब होता. मला तो पटतो. पुढे केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. कर जागच्या जागी राहिला. योजना एक वेळ मरते, तिच्यासाठी बसवलेला कर मात्र चिरंजीव होतो.

मोठे आकडे हवे असतील तर हे घ्या. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवली आहे आणि कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे. हे कर्ज फेडणारा आज बालवाडीत आहे.

'लाडकी बहीण'ला नावं ठेवणारे बायकांच्या विरोधात असतात का?

आमच्या चाळीतल्या सात जणींना ते पैसे येतात आणि सातही जणी माझ्याशी अजून बोलतात.

आधी बरी बाजू. वस्तू देण्यापेक्षा पैसे देणं चांगलं, आणि ते बाईच्याच खात्यात जाणं त्याहून चांगलं. १,५०० रुपयांत गॅस भरायचा, पोराच्या क्लासची फी द्यायची की स्वतःला चष्मा करायचा, हे तिचं ती ठरवते. मंत्र्याच्या फोटोच्या पिशवीतून रवा आणि साखर वाटण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

आता हिशेब. जून २०२४ मध्ये घोषणा, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक. वर्षाचा अंदाजे खर्च सांगितला ४६,००० कोटी. २०२५-२६ साठी तरतूद केली ३६,००० कोटींची. मुंबई महापालिकेचा त्याच वर्षाचा अख्खा अर्थसंकल्प, म्हणजे कोस्टल रोडपासून कचऱ्याच्या गाड्यांपर्यंत सगळं, ७४,४२७ कोटी. म्हणजे एक योजना साधारण अर्ध्या मुंबई महापालिकेएवढी. ती मंजूर व्हायला किती दिवस लागले आणि पालिकेच्या एका पुलाला किती वर्षं लागतात, याची तुलना तुम्हीच करा.

निवडणुकीआधी अर्ज घेताना 'या, या' असं होतं. निकालानंतर छाननी लागली. जुलै २०२५ मध्ये २६ लाखांहून जास्त खाती अपात्र असल्याच्या संशयावरून थांबवली गेली, आणि यादीत चौदा हजारांवर पुरुष निघाले. त्याआधी मे महिन्यात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचे मिळून ७४६ कोटी या योजनेकडे वळवले होते. त्यावर खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहातल्या पोरीच्या ताटातलं काढून तिच्या आईच्या खात्यात घातलं, तर त्या घराचं कल्याण झालं की नुसती जागाबदल?

भाडे नियंत्रण कायद्याने तर गरीब भाडेकरू वाचला. त्याला कसा विरोध करता? तेही चाळीत राहून?

चाळीत राहूनच करतो, कारण जिना रोज मी चढतो.

आमच्या खोलीचं मूळ भाडं ३८ रुपये. आजोबांनी घेतली तेव्हा ते थोडं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत माणसांचा लोंढा आला, घरं मिळेनात, मालक वाटेल ते मागू लागले. तेव्हा भाडं गोठवणं हा तात्पुरता इलाज होता, आणि त्या वेळी तो योग्यही असेल. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने प्रमाण भाडं म्हणून १ सप्टेंबर १९४० चं भाडं धरलं. तात्पुरत्या कायद्याला मुदतवाढ मिळत गेली, पुन्हा पुन्हा, पन्नास वर्षं. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. कायद्याची मुदत संपतच आली होती म्हणून त्या रद्द तेवढ्या केल्या नाहीत. मग १९९९ चा नवा कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. ३८ रुपयांवर चार टक्के धरत आमचं भाडं आता कुठे शंभरीला टेकलंय. वर दुरुस्तीचा उपकर वगैरे असतो, तो वेगळा. आमचा नळवाला नुसतं बघायला येण्याचे ३०० घेतो.

चाळीत ४८ खोल्या. मालकाच्या हातात महिन्याला पाचएक हजार पडतात. त्यात तो तीन मजली लाकडी जिना दुरुस्त करेल का? करत नाही. भाडेकरूने करावा तर त्याची मालकी नाही, आणि हात लावायला परवानगी लागते. मग काय होतं? दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर २०११ साली दोन लाकडी टेकू लावले गेले, 'तात्पुरते'. एका टेकूला पोरांनी आता बॉक्सिंगची पिशवी बांधली आहे. दुसऱ्यावर दरवर्षी दसऱ्याला झेंडूची माळ पडते. माझी मुलगी जन्मल्यापासून तिने हा जिना टेकूशिवाय पाहिलेला नाही. तिच्या शाळेच्या चित्रात जिन्याला चार पाय असतात.

हे एकट्या आमचं रडगाणं नाही. १९६९ मध्ये सरकारने मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी उपकर बसवला, दुरुस्ती मंडळ काढलं. तेव्हा शहर भागात अशा सुमारे १९,६०० इमारती होत्या. भाडं गोठवून इमारती पडायला आल्या, म्हणून कर. कर पुरेना, म्हणून पुनर्विकासाला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची मुभा. त्या एफएसआयपायी बिल्डर, दलाल, न्यायालयं आणि संक्रमण शिबिरांत निघून गेलेलं आयुष्य. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. पहिल्या चुकीवर दुसरं ठिगळ, दुसऱ्यावर तिसरं, अशी ही गोधडी आहे.

आणि भाडेकरू वाचला म्हणता, तो कोणता भाडेकरू? जुन्या काळी आत शिरलेला आणि त्याची नातवंडं, म्हणजे मी. आज रत्नागिरीहून कामाला आलेल्या पोराला गिरगावात खोली मिळते का? मिळते, पागडी मोजून, म्हणजे आत शिरायलाच एकरकमी मोठी रक्कम देऊन. जुन्या कायद्यात पागडी गुन्हा होता. ती रोखीत, बंद दाराआड चालायची. १९९९ च्या कायद्याने ती रीतसर केली. पागडी नको असेल तर 'लीव्ह अँड लायसन्स', तेही अकरा महिन्यांचं. शब्द नीट ऐका. मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला आता कोणी कागदावर भाडेकरू म्हणत नाही, तो लायसन्सधारक. कारण 'भाडेकरू' हा शब्द ऐकला की मालकाला घर गेल्याचा भास होतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी सापडली. ज्या शहरात माणसं लोकलच्या दारात लटकून वसई-विरार गाठतात, त्या शहरात.

पण घरमालक लबाड असतात हो.

असतात. भाडेकरूही असतात. आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांना वीस वर्षं कुलूप आहे. भाडेकरू ठाण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो.

झोपडीधारकाला फुकट पक्कं घर मिळतं, यात वाईट काय?

ज्याला मिळालं त्याच्या आनंदात मी विरजण घालणार नाही. तीन बायकांत एक नळ असलेल्या गल्लीतून संडास आत असलेल्या घरात जाणं काय असतं, ते माझ्या मावसबहिणीकडे वास्तुशांतीला गेलो तेव्हा बघितलं. ती दर पाहुण्याला आधी बाथरूमचं दार उघडून दाखवत होती, मग देव.

पण गणित बघा. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. निवडणुकीतलं वचन होतं चाळीस लाख लोकांना मोफत घरं. १६ वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, शहराची सुमारे ४१-४२ टक्के वस्ती झोपडपट्टीतच होती. घर 'फुकट' आहे म्हणजे त्याचे पैसे कोणीतरी भरतोय. शेजारच्या टॉवरमध्ये विकत घेणारा भरतोय, म्हणून तिथल्या चौरस फुटाचा भाव बघितला की आपल्याला घेरी येते. बिल्डरला घर बांधण्यात जेवढा रस, त्याहून जास्त जादा एफएसआयमध्ये.

मग पुन्हा पेटी. १ जानेवारी १९९५ ला तुम्ही इथे होता का? पुढे ती तारीख २००० झाली, मग २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. परिशिष्ट-दोनमध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या सरकारी यादीत, नाव आलं तर पात्र, नाही तर अपात्र. एकाच भिंतीच्या दोन बाजूंचे दोन भाऊ, एकाचं जुनं लाइटबिल पावसात भिजलं म्हणून तो अपात्र. हक्क माणसाचा की कागदाचा? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाला १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याचा कारभार तपासून बघायला सांगितलं. या कायद्याखालचे दीड हजारांहून जास्त खटले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात पडून होते.

माझा पर्याय विचाराल तर कंटाळवाणा आहे. राहत्या जागेचा हक्क द्या, पाणी-गटार-रस्ता द्या, बँकेने कर्ज द्यावं असा कागद द्या, आणि बाजूला व्हा. माणसं मजला चढवायला स्वतः शिकलेली आहेत.

महागाईत सरकारने भाव ठरवायला नकोत का?

सिमेंटचा भाव एके काळी सरकार ठरवायचं. परिणाम? बाजारात सिमेंट गायब आणि कोट्यासाठी मंत्रालयात रांग. १९८२ च्या जानेवारीत न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंटचा कोटा आणि मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि अ. र. अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं. लोक अंतुल्यांची आठवण काढतात. मी कोट्याची काढतो. तो नसता तर देणगी कशाबद्दल मागायची?

कांद्याचंही तेच. भाव वाढला की टीव्हीवर आपल्या दादर-मुलुंडच्या ताई रडवेल्या चेहऱ्याने बोलतात, आणि दिल्ली निर्यात बंद करते. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ बंदच होती. आपल्याला दहा-वीस रुपये किलोमागे वाचतात. ते सरकारने दिले नाहीत, लासलगावच्या शेतकऱ्याच्या गाडीतून काढून घेतले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही शेतकरी संघटनेची घोषणा ऐकून आम्ही मुंबईकर 'वा' म्हणायचो आणि घरी येऊन कांद्याचे भाव बघायचो. संघटनेच्या शरद जोशींचं म्हणणं साधं होतं: आमचा बाजार सोडा. त्यांचं फार कोणी ऐकलं नाही. कर्जमाफ्या झाल्या, एकामागून एक.

'सरकारी अतिरेक' म्हणता म्हणजे काय? उदाहरण द्या.

परमिट रूम. पाटी रोज वाचता, पण परमिट कसलं हे कधी मनात आलं? १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी दारूसाठी पाच रुपये, आजन्म हजार रुपये. तुमच्या आमच्यातल्या किती जणांकडे आहे? म्हणजे या शहरात दर शनिवारी रात्री काही लाख माणसं कायदा मोडतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मोरारजींनी दारू बंद केली तेव्हा आंटीचे चोरट्या दारूचे अड्डे उघडले. दारू थांबली नाही, हप्ता सुरू झाला. कायदा अजून जिवंत आहे, कारण अधूनमधून कोणाला तरी पकडायला तो उपयोगी पडतो. अतिरेक म्हणतात तो हा: सगळेच गुन्हेगार होतील असा नियम करायचा, आणि कोणाला धरायचं ते आपल्या हातात ठेवायचं.

यादी मोठी आहे. २००५ मध्ये डान्स बार बंद केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अवैध ठरवली. मधल्या आठ वर्षांत त्या बायकांनी काय खाल्लं, हे कोणत्याही फायलीत नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. तेही 'कुटुंब कल्याण'च होतं.

ई-केवायसीत एवढं काय? प्रामाणिक माणसाला कसली भीती?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या एका योजनेचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, करायला मी बसलो होतो. त्यांचा अंगठा मशीनवर उठत नाही. तीस वर्षं भांडी घासून रेषा गेल्यात. म्हणून ओटीपी. त्यांचा आला. मग नवऱ्याच्या आधारचा मागितला. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्याचा नंबर आता कोणातरी तिसऱ्याकडे आहे. मावशींनी त्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या पोराला त्या अगदी समजुतीने सांगत होत्या, 'बाळा, हा नंबर माझ्या मालकांचा होता, जरा बघ ना काही आलंय का.' त्याने फसवणुकीचा फोन समजून शिव्या दिल्या. मावशी अपात्र नव्हत्या, अप्रामाणिक तर त्याहून नव्हत्या. नवरा मेलाय हा पुरावा चालणाऱ्या रकान्यात नव्हता, एवढंच.

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अनुदानासाठी आधार सक्तीचं करणं वैध ठरवलं, खासगी कंपन्यांना मात्र ते मागायला मनाई केली. परिणाम काय, तर ज्याला सरकारकडून काही नको तो थोडा मोकळा, आणि ज्याला हवंय त्याने बोटं, डोळे, मोबाइल नंबर सगळं द्यायचं.

बाबासाहेबांना तर सरकारच हवं होतं. त्यांच्यावर तुमचं काय म्हणणं?

हा सगळ्यात वजनदार प्रश्न आहे, आणि आमच्या बाजूची माणसं याला बगल देतात. १९४७ मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी शेतजमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत असं मांडलं होतं. का, तेही उघड आहे. ज्याला गावचा पाटील विहिरीवर चढू देत नाही, त्याला मंत्रालयाची भीती घालण्यात अर्थ नाही. सरकारच्या जुलमाआधी शेजाऱ्याचा जुलूम असतो. हे मी मान्य करतो, आणि मान्य केल्यावर माझी बरीच वाक्यं मला पुन्हा तपासावी लागतात.

तरी दोन गोष्टी सांगतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ मध्ये माणसांना स्वतः चालत जावं लागलं. मधली चार वर्षं ठराव कागदावरच होता. आणि नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की कितीही मोठा माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. 'भाऊंनी दिलं, साहेबांनी दिलं' असं बॅनरवर वाचलं की मला ते भाषण आठवतं.

हे सगळे विचार अमेरिकेतून आलेत ना?

चर्चगेटवरून आलेत म्हणा फार तर. ए. डी. श्रॉफ यांनी मोकळ्या उद्योगाची बाजू मांडणारं फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढलं १९५६ मध्ये, इथे मुंबईत. मिनू मसानी १९४३ मध्ये या शहराचे महापौर होते आणि १९५९ मध्ये राजाजींबरोबर स्वतंत्र पक्षात. 'लायसन्स-परमिट-कोटा राज' हा शब्दप्रयोग राजाजींचा. कायदेपंडित नानी पालखीवालांचं अर्थसंकल्पावरचं भाषण ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं. तिकडे क्रिकेटला गर्दी होणं समजू शकतो, पण बजेटला? १९७३-७४ मध्ये उत्पन्न कराचा वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता, हे कळलं की गर्दीचं कारण कळतं.

गंमत म्हणजे हेच श्रॉफ १९४४ च्या 'बॉम्बे प्लॅन'वर सही करणाऱ्यांत होते, आणि तो आराखडा सरकारी नियोजन मागत होता. टाटा-बिर्लांच्या सह्या होत्या त्यावर. उद्योगपतींना मोकळी स्पर्धा आवडते हा गैरसमज आहे. लायसन्स आपल्याला मिळणार असेल तर लायसन्स राज कोणाला नको असतं?

श्रीमंतांना मिळतं त्याबद्दल का बोलत नाही?

बोलतो की. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला, निवडणुकीच्या तोंडावर. ज्याच्याकडे मोटार आहे तो गरीब कसा, हे मला कोणी सांगितलं नाही. काही महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, बेस्टचं किमान तिकीट पाचवरून दहा रुपये झालं. मोटारवाल्याला माफी आणि बसवाल्याला दुप्पट, असं कल्याण.

तुम्ही स्वतः सरकारकडून काय घेता? खरं सांगा.

शंभरेक रुपये भाड्याची खोली घेतो, वर सांगितलंच. ती सोडून बाजारभावाने राहायला जात नाही. तेवढा मी तत्त्वनिष्ठ नाही. बायको चिपळूणला माहेरी जाते ती एसटीच्या अर्ध्या तिकिटात. आई ७८ वर्षांची आहे, तिला एसटी फुकट. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना आहे. कंडक्टर आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. आई ते तिकीट टाकत नाही. घरी आल्यावर घडी घालून पेटीत ठेवते. कशाला, विचारलं तर म्हणते, असू दे, उद्या कोणी मागितलं तर.